पाच शून्यांनंतरचा लाभांश

४ जून

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन. तू आशीर्वाद वाचूनच पत्र मिटतोस असा माझा जुना संशय आहे, आणि आज मला तुला शेवटपर्यंत न्यायचं आहे.

काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दारावर पाच शून्यं आली.

वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं परीक्षेचं दार तू सोडून गेलास तसंच आहे. लोखंडी चौकट, जड लाकडी फळी, आणि मिनिटाला सहा वेळा ती उघडणारा-लावणारा मोटरचा हात. वर तोच पाच आकडी मोजणीचा डबा. ९९,९९९ नंतर त्या बिचाऱ्याला पुढचं काही येत नाही, म्हणून लाख म्हणजे पाच शून्यं. बाबांचा नियमही जिवंत आहे: त्या वर्षीची बिजागरी लाख वेळा उघडून-मिटून टिकली, तरच त्या वर्षाचा नफा आपला. तोवर तो पाहुणा. उद्या गिऱ्हाईक तुटका माल परत घेऊन आलं, तर पाहुण्याला त्याच्याबरोबर जावं लागणार. म्हणून शून्यं आल्याशिवाय लाभांशाचा शब्द काढायचा नाही.

काल अडतीस माणसं दाराभोवती उभी होती. या दाराच्या नोंदी ठेवणारे दारवाले काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. शेवटच्या शंभरांना त्यांनी बाबांसारखा चौकटीवर हात ठेवला. शून्यं आली तेव्हा लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की कॅन्टीनवाला धावत आला, त्याला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

तशी शून्यं गेली आठ वर्षंही येत होती, पण टाळ्या नव्हत्या. पत्रा कापायच्या त्या नव्या प्रेससाठी कर्ज घेतलं तेव्हा बँकेनं अट घातली होती: कर्ज फिटेपर्यंत लाभांश वाटायचा नाही. एप्रिलमध्ये शेवटचा हप्ता गेला. नऊ वर्षांत प्रथमच आपण वाटायला मोकळे आहोत.

लाभांश म्हणजे लाभाचा अंश, साधा षष्ठी तत्पुरुष. लाभ असून अंश देत नाही त्याला कोणता समास म्हणायचं, असं तू मला विचारलं होतंस, आणि वर बजावलं होतंस, "पंडिता, तुझ्या सहीचा कागद मी या जन्मात बँकेत भरणार नाही." कॉलेजात वीस वर्षं संस्कृत शिकवून मी बाबांच्या खुर्चीत नुकती बसले होते. मला समासही सुचला नाही आणि उत्तरही.

हे माझं नववं पत्र. आधीची आठ परत आली नाहीत, त्यावरून तुझा पत्ता बरोबर आहे एवढं अनुमान काढते. अनुमान हेही प्रमाण आहे.

आशीर्वाद. (बघ, आलास ना इथवर.)

तुझी ताई

२७ जून

प्रिय धाकट्यास,

एवढं सुख पचणार कसं, म्हणून विधात्यानं एक टायवाले गृहस्थ पाठवले.

ते दारं-खिडक्यांच्या एका मोठ्या कंपनीकडून आलेत. माझ्या ऑफिसात बसून त्यांनी माझ्याच पंख्याची स्तुती केली आणि मग मुद्द्यावर आले. शेअरमागे दोनशे देतात, सगळे शेअर घेतात. अट एकच: सप्टेंबरच्या वार्षिक सभेत लाभांश नामंजूर व्हायला हवा.

"का बरं?" मी विचारलं.

"बाई, घर घेताना माणूस भांड्यांसकट घेतो."

भांडी म्हणजे आपली गंगाजळी. आपलेच पैसे तिजोरीत राहू द्यायचे, आणि त्यांनी ते आपल्यालाच दोनशेच्या रूपानं द्यायचे. मी विचारलं, कारखान्याचं काय करणार? म्हणाले, "नाव ठेवू." नाव ठेवणार म्हणजे बाकीचं काय करणार ते मी विचारलं नाही. नावाचा शिक्का मारायला कारखाना लागत नाही.

आकडे तुला पाठ आहेत, तरी सांगते. शेअर एक लाख. तीस हजार माझे, सव्वीस हजार तुझे. उरलेले चव्वेचाळीस हजार कामगारांचे आणि निवृत्तांचे. बोनस द्यायला जमलं नाही त्या दोन वर्षांत बाबांनी दिलेले. सभेत मत शेअरमागे एक. आणि ज्यांनी नऊ वर्षं माझ्याकडून "पुढच्या वर्षी" हे दोनच शब्द ऐकले, त्यांना कुणी रोख दोनशे दाखवले तर ते कुणीकडे वळतील, ते मला कळतं.

तुझं मत मी मागत नाही. फक्त तुझे शेअर किती आहेत ते लिहिलं.

खरं सांगायचं तर माझाही पाय अडखळतोय. निकेल चढवायचा विभाग जुना झालाय, टाक्या गळतात. हिशेबनीस रोज सकाळी दारात उभा राहून म्हणतो, "बाई, आधी टाक्या." लाभांश दिला तर टाक्या राहतात. टाक्या घेतल्या तर लोक टायवाल्याकडे जातात. मग टाक्याही त्याच्या.

ताई

११ जुलै

प्रिय धाकट्यास,

आज दारवाल्या काकांकडे गेले होते. ते शेअर विकणार असं कानावर आलं होतं.

तिसरा मजला, दोन खोल्या, आणि एकाही दाराचा आवाज नाही. काकूंनी दार उघडलं आणि बसायच्या आत सुरुवात केली. "नऊ वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकतेय हो. माझे दात गेले, ह्यांचे केस गेले, तुमचं पुढचं वर्ष काही येईना."

"काका, खरंच विकणार?"

"मग काय करू? फ्रेम करून भिंतीला टांगू?" काका हसले, पण माझ्याकडे न बघता. "बाई, तुमचे वडील लाभांश द्यायचे तेव्हा दहा मिळोत, पाच मिळोत, मी त्या दिवशी रस्त्यानं मालकासारखा चालायचो. नऊ वर्षं मी नोकरासारखा चालतोय. आता तर नोकरही नाही."

मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं इमानानं नोंदी ठेवल्यात. तसे ते उठून कपाटातून वह्या काढायला लागले. रोजचा दाराचा आकडा, रोजची वेळ, कामावरचा एकही दिवस चुकलेला नाही. अभिमानानं एकेक वही माझ्या मांडीवर ठेवत गेले. त्यात ते वर्षही होतं. तुझ्या बिजागरीचं.

त्या वहीतला एक आकडा मला नीट जुळला नाही. महत्त्वाचं काही नसावं. वही मागून आणली आहे.

डोकं दुखतंय, इथेच थांबते.

ताई

१३ जुलै

धाकट्या,

परवाच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. महत्त्वाचं आहे. तुझ्या-माझ्यात त्याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

नऊ वर्षांपूर्वी दारावर तू काढलेली बिजागरी होती. सडपातळ, पिनीभोवती तीन गाठींची. वर्कशॉपमध्ये तिला सगळे "धाकटी" म्हणायचे. ती मोडली, आणि तिच्याबरोबर त्या वर्षीचा शेअरमागे दहाचा लाभांश गेला, त्या पैशांवर तू ठरवलेली सुतारकामाची जागा गेली, जागेचा विसार गेला, आणि शेवटी तू गेलास. "माझी बिजागरी एवढ्यात मोडणार नाही," असं तू म्हणत होतास. मी तुला चिठ्ठी दाखवली. माझ्याच अक्षरात: "९१,००० वर पिन तुटली. रचना सदोष." सदोष! त्या एका शब्दासाठी मी काय सुंदर अक्षर काढलं होतं.

आता काकांची वही. भट्टीच्या दुरुस्तीसाठी कारखाना बारा दिवस बंद ठेवला, त्या दिवशी सकाळी आठची नोंद: ८६,२४०. तेव्हाच काका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर निघाले. बारा दिवसांनी सकाळी आठला कारखाना उघडला आणि अकराला पिन तुटली.

८६,२४० पासून ९१,००० म्हणजे ४,७६० वेळा. मिनिटाला सहाच्या हिशेबानं तेरा तासांहून जास्त. पण कारखाना उघडून तीनच तास झाले होते. मग उरलेले दहा तास दार कोण उघडत-लावत होतं?

दोन दिवस मी हा प्रश्न उलटा धरून बसले होते. आज सकाळी कपडे वाळत घालताना सुलटा झाला. दार दहा तास जादा चाललं नव्हतं. ते बाराही दिवस चाललं होतं. बारा दिवस आणि वर तीन तास, म्हणजे दोनशे एक्याण्णव तास. तासाला तीनशे साठ. १,०४,७६०. त्यात ८६,२४० मिळव.

१,९१,०००.

तुझी बिजागरी लाखाची सीमा ओलांडून जवळजवळ दुसऱ्या लाखाला भिडली होती. शून्यं आली आणि बंद कारखान्यात कुणी न बघता निघून गेली. डब्याला सहावं घर नाही. त्यानं बिचाऱ्यानं एक्याण्णव दाखवले, आणि मी ते वाचले.

आता शेवटचं. रजेवर जाताना काकांनी मोटरची किल्ली माझ्या हातात दिली होती. "बाई, तेवढं दार बंद करा." मी "हो" म्हटलं. मी तेव्हा बाबांच्या खुर्चीत कशी दिसते याच विचारात असायचे. किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेले. बारा दिवसांनी आले तर दार चालूच होतं. मी मनात म्हटलं, कुणी तरी सुरू केलं वाटतं. कुणी, हे विचारलं नाही. पंडिताबाईंनी.

रचनेत दोष नव्हता. दोष पर्समध्ये होता.

ताई

२२ ऑगस्ट

प्रिय धाकट्यास,

सोबत वार्षिक सभेची नोटीस आणि प्रतिनिधीपत्राचा फॉर्म आहे. स्वतः येता येत नसेल तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं नाव त्यात लिहायचं. माझंच लिही असं कुठे छापलेलं नाही.

गेल्या पत्रातलं सगळं मी संचालक मंडळापुढे वाचून दाखवलं. मग हिशेबनीस खाकरला.

"बाई, हे सभेत सांगायची काय गरज? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"टायवाला याचं भांडवल करील."

"करू दे. भांडवल करायलाच आलाय."

गेटवरच्या पहारेकऱ्यालाही बोलावलं. त्या बारा दिवसांत आवाज आला नाही का? "आला की. मला वाटलं मोठी परीक्षा असेल." त्याला निदान परीक्षा म्हणजे काय ते कळत होतं.

मग देण्याघेण्याचं. मी म्हटलं, नऊ वर्षांपूर्वीचे शेअरमागचे दहा रुपये लोकांच्या हक्काचे होते, ते द्यायचे. हिशेबनीस म्हणाला, जुन्या वर्षाचा लाभांश आता जाहीर करता येत नाही, कायद्यात तशी खिडकी नाही. आणि दुसरं म्हणजे, "एकदा द्यायला लागलात की दर वर्षी हात पुढे येतील. न देणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. कमी देणाऱ्याचं मात्र दिवाळं निघालं असं म्हणतात." माणूस चिडका आहे, पण हे त्याचं खरं आहे. नऊ वर्षं मी याच सोयीत राहिले.

शेवटी दोघांनी मिळून वाट काढली. नियमित लाभांश शेअरमागे दहा: वाईटातल्या वाईट वर्षीही पेलेल एवढाच, म्हणजे पुढच्या वर्षी तोंड लपवायला नको. शिवाय विशेष लाभांश दहा, एकदाच, आणि कारण नोटिशीत छापायचं. टाक्या निम्म्या यंदा, निम्म्या पुढच्या वर्षी. गळणाऱ्या चारांपैकी दोन खरोखर गळतात, दोन नुसत्या घामेजतात, हेही चौकशीअंती निष्पन्न झालं.

मंडळ फक्त शिफारस करतं. मंजूर करायचा, कमी करायचा की फेटाळायचा ते सभा ठरवणार. वाढवायचा तेवढा अधिकार तिला नाही. फेटाळला की टायवाला आत.

विशेष लाभांशाचं कारण नोटिशीच्या सहाव्या कलमात छापलंय. तुझं नाव घातलं नाही, पण "रचनाकार निर्दोष" असं लिहिलंय. हिशेबनीस म्हणाला हा शब्द कोर्टातला वाटतो. मी म्हटलं, राहू दे.

ताई

२१ सप्टेंबर

धाकट्या!

उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही, त्याला खर्च फार येतो. आज साठवलेलं काढते आहे.

काल सभा झाली. कॅन्टीनमध्ये बाकं लावली होती. टायवाले गृहस्थ नव्यानंच थोडे शेअर घेऊन सभासद म्हणून पहिल्या रांगेत. मी उभी राहिले आणि सहावं कलम वाचलं. किल्लीपासून पर्सपर्यंत सगळं. आवाज एकदाच फुटला, तो मी पाणी पिऊन बुजवला.

गृहस्थ उठले. "मी बाईंचा आदर करतो. पण ज्यांना एक मोटर बंद करता येत नाही त्यांच्या हाती तुम्ही कारखाना ठेवणार? दोनशे. रोख. आज."

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. प्रेसवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "दोनशे म्हणजे दोनशेच की गं." मला खुर्चीत बसल्याबसल्या दिसत होतं की खुर्ची जाते आहे.

तेवढ्यात दारवाले काका उठले. पुन्हा इस्त्रीचा शर्ट.

"काका, तुमचं तर विकायचं ठरलं होतं!" कुणी तरी ओरडलं.

"ठरलं होतं. नोटीस वाचली आणि मोडलं. नऊ वर्षं मी समजत होतो की माझ्या दारावर पोराची बिजागरी मोडली. ती मोडली नव्हती, जिंकली होती. बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून छापलं." मग ते टायवाल्यांकडे वळले. "साहेब, बाई दार बंद करायला विसरल्या, कबूल. पण बंद करायला विसरलेली बाई परवडली. बंद करायलाच आलेल्या माणसाचं काय करू?"

असा हशा पिकला की गृहस्थांना खाली बसावं लागलं. काकू बसल्या जागेवरून ओरडल्या, "अहो, ते पाकीट दाखवा ना, विसराल!"

काकांनी खिशातून पाकीट काढलं. "माझे तीनशे शेअर लाभांशाच्या बाजूनं. आणि हे सव्वीस हजार. प्रतिनिधी म्हणून माझं नाव आहे."

ते प्रतिनिधीपत्र मी हातात घेतलं. तुझी सही आता जरा उजवीकडे कलायला लागली आहे. माझ्या नावाची जागा सोडून पलीकडे काकांचं नाव लिहिलंयस, अगदी ठसठशीत. दुखलं थोडं. पण अचूक होतं. किल्ली ज्यानं कधी विसरली नसती त्याला दिलीस.

बाजूनं त्र्याऐंशी हजार चारशे. विरुद्ध नऊ हजार शंभर. प्रेसवरची बाईसुद्धा आपल्या बाजूनं. नंतर मला म्हणाली, "दोनशे एकदा मिळतात बाई, दहा दर वर्षी. मला गुणाकार येतो." हिशेबनीस डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणाला, निकेलच्या वाफांनी होतं. कॅन्टीन आणि निकेलमध्ये दोन भिंती आहेत.

जाताना काका फाटकातून असे चालत गेले की सायकलवाले थांबून वाट देत होते.

चेक पुढच्या आठवड्यात निघतील. पहिल्या क्रमांकाचा तुझा आहे. सही मला करावी लागली, त्याला इलाज नाही. खुर्चीवर मीच आहे.

ताई

१९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्यास,

बँकेकडून आज यादी आली. कुणाचे चेक वटले, कुणाचे अजून कपाटात पडून आहेत, त्याची. हिशेबनीस ती दोन हातांत धरून घेऊन आला, आरतीचं ताट आणावं तशी, आणि टेबलावर ठेवून निघून गेला.

पहिली ओळ तुझी. क्रमांक एक, सव्वीस हजार शेअर, तारीख चौदा ऑक्टोबर. पुढे एकच शब्द: वटला.

नऊ पत्रं लिहिली तोवर तुझी एक ओळ नाही. या उन्हाळ्यापासून आणखी लिहिली, त्यांनाही नाही. आणि उत्तर आलं ते बँकेच्या शिक्क्यासह, तीन अक्षरी. सूत्रं शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, एवढं आटोपशीर मलाही साधलं नसतं. मी खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभी होते. बाहेर फक्त सायकलस्टँड आहे.

तुझ्या जागेचं काय ते विचारत नाही. विसार आता पुरेल एवढंच लिहिते.

आता बातमी. मोजणीचा नवा डबा आणलाय, सहा आकडी. काका हिरमुसले, आता नुसती शून्यं यायची नाहीत, त्यांच्या आधी एक असणार. मी म्हटलं, काका, त्या एकासाठीच तर आणलाय. आणि दारावर सध्या "धाकटी" लावली आहे, तुझ्या जुन्या नकाशावरून, एका रेषेचाही फरक न करता. चौदा तारखेलाच सुरू केली. आपण एकाच दिवशी सुरुवात केली हे आज यादी बघून कळलं. काल संध्याकाळी आकडा चौदा हजार चारशे होता.

नोव्हेंबरच्या शेवटाला लाख होतील, जानेवारीच्या मध्याला दोन. कुठल्या आकड्याला येतोस ते तू ठरव. चौकटीवर हात ठेवायची जागा रिकामी ठेवली आहे.

निर्धास्त ये. किल्ली काकांकडे आहे.

आशीर्वाद, यावेळी अगदी योग्य जागी.

तुझी ताई